टेम्पोत सगळं चढलं का? : प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२५

काम हाती घेतलं. नाटक दोन अंकी, दौरा दिवाळीनंतर, सगळं सामान एका टेम्पोत. गोदामातून निघताना दर वेळी एकच प्रश्न असतो: प्रयोगाला लागणारं सगळं चढलंय का? एक यादी प्रयोगाची, दुसरी चढलेल्या सामानाची. पहिली दुसरीत पूर्ण सामावली की टेम्पोचं दार लावायचं.

आजवर हे नेपथ्य सांभाळणारे काका करत आलेत. त्यांची यादी पुठ्ठ्याला चिकटवलेली आहे आणि खुणा पेन्सिलीच्या, पुढच्या प्रयोगाला खोडता याव्यात म्हणून. क्रमही विचार करून लावलेला. रंगमंचावर जे आधी लागतं ते टेम्पोत शेवटी चढतं, म्हणून लेव्हल्स (उंचवट्याचे पाट) आणि फ्लॅट्स (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) यादीत तळाशी, तर दुसऱ्या अंकातल्या हातातल्या वस्तू वर. या पुठ्ठ्यात जेवढी समज आहे तेवढी प्रोग्राममध्ये उतरली तरच तो टेम्पोपाशी वापरला जाईल, हे मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवतेय.

आधीचा एक छोटा प्रोग्राम मिळाला, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला. त्यात दोन अ‍ॅरेलिस्ट (म्हणजे घटकांच्या क्रमवार याद्या) आहेत आणि सगळा निर्णय एका ओळीवर उभा आहे: चढलेल्या सामानाच्या लिस्टवर कंटेन्सऑल ही मेथड (नाव देऊन बोलावता येणारी क्रिया), तिला प्रयोगाची लिस्ट द्यायची, उत्तर खरं की खोटं. ही मेथड १९९८ साली जावाच्या जेडीके १.२ या आवृत्तीत कलेक्शन्स फ्रेमवर्क (याद्या, संच ठेवायचे तयार प्रकार) आलं तेव्हापासून आहे. नावावरून वाटतं, आपल्याला हवं तेच ती करते. उद्यापासून ती नेमकं काय करते ते बघणार.

११ सप्टेंबर

कंटेन्सऑलचा आतला कोड उघडला. तो अगदी थोडका आहे. दिलेल्या लिस्टमधला एकेक घटक घ्यायचा, 'हा तुझ्याकडे आहे का' असं विचारायचं, एकदाही 'नाही' आलं तर खोटं सांगून थांबायचं. शेवटपर्यंत 'नाही' आलं नाही तर खरं.

आता आपलं उदाहरण. पहिल्या अंकात जेवणाच्या टेबलाभोवती ६ खुर्च्या लागतात. टेम्पोत एकच खुर्ची चढवली. प्रोग्राम पहिल्या खुर्चीबद्दल विचारतो: आहे का? आहे. दुसरीबद्दल विचारतो: आहे का? तीच खुर्ची पुन्हा 'आहे' म्हणून पुढे येते. सहा वेळा विचारून सहा वेळा होकार, आणि उत्तर खरं. एकदा मोजलेली वस्तू बाजूला काढून ठेवायची असते ही कल्पनाच या मेथडमध्ये नाही. तिच्या दस्तऐवजातही तसं वचन दिलेलं नाही, त्यामुळे हा तिचा दोष म्हणता येणार नाही. गणितातल्या संचाला नगांशी घेणंदेणं नसतं आणि ही मेथड संचासारखा विचार करते, समोर लिस्ट असली तरी.

इतरत्र काय केलंय ते चाळलं. सी++ या भाषेतलं इन्क्लूड्स क्रमाने लावलेल्या दोन मालिका घेतं आणि नग धरून तपासतं: एका मालिकेत खुर्ची सहादा असेल तर दुसरीतही किमान सहादा हवी. जावासाठीच्या अपाची कॉमन्स या तयार कोडसंग्रहातल्या कलेक्शनयुटिल्समध्ये इझसबकलेक्शन आहे, तेही प्रत्येक घटकाचे नग मोजतं. ग्वावा या तशाच दुसऱ्या संग्रहात मल्टिसेट्सखाली कंटेन्सऑकरन्सेस आहे. पायथन भाषेचा काउंटर (घटकांचे नग मोजणारा प्रकार) ३.१० आवृत्तीपासून लहान-मोठेपणाची चिन्हं थेट ओळखतो, म्हणजे 'हा त्याच्यात सामावतो का' हे एका चिन्हात विचारता येतं. थोडक्यात, भाषा घडवणाऱ्यांना हे दोन निराळे प्रश्न आहेत हे पक्कं ठाऊक आहे, फक्त जावाच्या मूळ इंटरफेसमध्ये (कुठल्या मेथड असायलाच हव्यात ते ठरवणाऱ्या यादीत) त्यातल्या एकालाच जागा मिळाली.

निर्णय: 'सामानयादी' नावाचा आपला स्वतःचा क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या मेथड एकत्र ठेवणारा साचा. आत एक हॅशमॅप, म्हणजे वस्तू दिली की तिचे नग सांगणारा तक्ता. हा क्लास अ‍ॅरेलिस्टपासून किंवा हॅशमॅपपासून वारसा घेणार नाही, मॅप खाजगी राहील. वारसा घेतला तर बापाच्या सगळ्या मेथड बाहेरून दिसतात, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी घाईत पुन्हा तीच कंटेन्सऑल बोलावणार. जी मेथड आपल्या कामात चुकीचं उत्तर देते ती दिसूच नये, एवढ्यासाठी क्लास वेगळा ठेवायचा. क्लासची आणि मेथडची नावं देवनागरीत ठेवलीत. जावाला ती चालतात, आणि जावा १८ पासून यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धतच डिफॉल्ट असल्याने विंडोजच्या जुन्या लॅपटॉपवरही एन्कोडिंगचा वेगळा पर्याय द्यावा लागत नाही.

१५ सप्टेंबर

नग मोजायचे तर आधी 'तीच वस्तू' कशाला म्हणायचं हे ठरायला हवं. सामावण्याची कुठलीही तपासणी शेवटी इक्वल्सवर, म्हणजे दोन वस्तू सारख्या आहेत का ते सांगणाऱ्या मेथडवर, येऊन टेकते.

जुन्या कोडमध्ये वस्तूच्या क्लासला इक्वल्स आहे, पण ती 'वस्तू' प्रकारचा पॅरामीटर घेते. कलेक्शन जी इक्वल्स बोलावतं ती 'ऑब्जेक्ट', म्हणजे कुठलीही गोष्ट, घेणारी. म्हणजे ही नवी मेथड जुनीची जागा घेतच नाही, नुसती शेजारी उभी राहते, आणि लिस्ट मुळातली बोलावते, जी फक्त मेमरीतला पत्ता बघते. कंदील नावाचे दोन ऑब्जेक्ट, दोघांचं नाव एक, रंग एक, तरी कंटेन्स ('हा तुझ्याकडे आहे का' विचारायची मेथड) म्हणतं नाही. मेथडच्या वर ओव्हरराइड (मूळ मेथडची जागा घेणारी) असं लिहिलं असतं तर कंपायलरनेच (कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामनेच) अडवलं असतं. तो एक शब्द लिहायला कंटाळू नये.

दुसरं, हॅशकोड, म्हणजे वस्तूवरून काढलेला एक आकडा (हॅश). इक्वल्स बदलली की हॅशकोडही बदलावीच लागते. हॅशमॅप आधी हॅश बघून कप्पा निवडतो, मग त्या कप्प्यात समानता तपासतो. हॅश वेगळा निघाला तर भलत्याच कप्प्यात शोध होतो आणि इक्वल्सला कुणी विचारतच नाही.

तिसरं जास्त घातक. वस्तूचं नाव स्क्रीनवरून बदलता येतं. मॅपमध्ये असताना नाव बदललं की ती वस्तू जुन्या हॅशच्या कप्प्यात पडून राहते आणि शोध नव्या हॅशने होतो. छापून बघितलं तर यादीत दिसते, विचारलं तर नाही म्हणते. त्यामुळे 'वस्तू' आता रेकॉर्ड आहे. जावा १६ पासून रेकॉर्ड पक्के झाले. त्यांना इक्वल्स आणि हॅशकोड आपोआप मिळतात आणि फील्ड एकदा भरलं की बदलत नाही. नाव बदलायचं असेल तर जुनी वस्तू काढून नवी घालायची.

केबलची लांबी बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारात ठेवलेली होती. तिथे १० आणि १०.० हे इक्वल्सच्या मते वेगळे, कम्पेअरटू या लहान-मोठं ठरवणाऱ्या मेथडच्या मते सारखे. हॅशसेट या संचात (तो इक्वल्स बघतो) दोन्ही राहतील, ट्रीसेटमध्ये (तो कम्पेअरटू बघतो) एकच. एकाच प्रश्नाला कलेक्शन बदललं की उत्तर बदलणार. लांबी सेंटिमीटरमध्ये, पूर्णांकात. विषय मिटला.

१८ सप्टेंबर

आजचा दिवस एका शब्दाने खाल्ला, आणि तो खाल्ला जाणं योग्यच होतं.

पोरांनी फोनवरून चढलेल्या सामानाची यादी टाइप करून पाठवली. प्रयोगाच्या यादीत 'पायऱ्या', नग २. चढलेल्या यादीत 'पायऱ्या', नग २. प्रोग्राम म्हणतो पायऱ्या नाहीत. दोन्ही शब्द स्क्रीनवर शेजारी ठेवले, मोठे करून पाहिले, काडीचाही फरक नाही. मग लांबी विचारली. एकाची ७, दुसऱ्याची ८.

हे आपल्या अर्ध्या र चं काम. पायऱ्या, दोऱ्या, सुऱ्या, कऱ्हाड, गिऱ्हाईक यांतला तो आडवा र संगणकात निदान तीन तऱ्हांनी लिहिला जातो. पहिली तऱ्हा: युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीतलं ०९३१ हे स्वतंत्र अक्षर ऱ, त्यापुढे हलंत. दुसरी: साधा र, म्हणजे ०९३०, त्याला खाली नुक्ता (टिंब) आणि मग हलंत. तिसरी: साधा र, हलंत, आणि त्यामागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. तिन्हींचं चित्र एकच उमटतं. कुठला फोन किंवा कीबोर्ड कुठली तऱ्हा वापरतो ते टाइप करणाऱ्याला कळायचं कारणच नाही.

जावाच्या नॉर्मलायझरला (अक्षरांची रूपं एकसारखी करणाऱ्या क्लासला) एनएफसी हे प्रमाण रूप सांगितलं की दुसरी तऱ्हा पहिलीत बदलते, कारण युनिकोडने त्या दोघांना अधिकृतपणे सममूल्य मानलंय. तिसरी मात्र जशीच्या तशी राहते. नॉर्मलायझर तो जोडक काढत नाही आणि र चा ऱ करत नाही. म्हणून आपला एक नियम जोडला: र, हलंत, जोडक असा क्रम दिसला की ऱ आणि हलंत करायचं.

ॲ ची गोष्टही तशीच. ॲडॉप्टर, ॲम्प्लिफायर. ०९७२ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र काढत आलेत, आणि काही ठिकाणी मध्ये जोडक घालून. इथे एनएफसी अजिबात मदत करत नाही, कारण ०९७२ ला अ आणि चंद्र असं अधिकृत विघटन दिलेलंच नाही. तेही हाताने एका रूपात आणलं. माझा स्वतःचा कीबोर्ड दोन्ही रूपं देतो, सूचना कुठून उचलली त्यावर अवलंबून.

हे सगळं 'वस्तू' रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवलंय, तपासणीच्या मेथडमध्ये नाही. वस्तू जन्मतानाच तिचं नाव एका रूपात यावं, म्हणजे पुढे कुणालाही, कुठेही, दोन रूपं भेटणार नाहीत. मराठीत नाव साठवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला हे लागतं, ग्रंथालयाच्या सूचीपासून मतदारयादीपर्यंत, आणि ते शाळा-कॉलेजच्या प्रोग्रामिंगच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी दोन सारखे दिसणारे शब्द सारखेच असतात असं गृहीत धरून कामाला लागतो.

खुर्ची आणि खुर्च्या यांचं काय? त्याला नियमाने हात लावायचा नाही. टाइप करणं कमी करायचं, यादीतून निवडायचं. प्रत्येक वस्तूला गोदामात चिठ्ठी आणि क्रमांक लागतोय.

२० सप्टेंबर

छोटी नोंद, पण विसरायची नाही. प्रयोगाची यादी रिकामी असेल तर कंटेन्सऑल खरं सांगते, आणि आपली 'सामावते' ही मेथडही खरं सांगते. गणिताने ते बरोबर आहे: रिकामा संच प्रत्येक संचात असतो. पण फाइल उघडली नाही, किंवा शीटचं नाव बदललं म्हणून एकही ओळ वाचली गेली नाही, तरीही यादी रिकामीच येते. मग रिकाम्या टेम्पोला हिरवी खूण मिळणार.

मेथड बदलणार नाही, तिचं उत्तर बरोबर आहे. रिकामी प्रयोगयादी तयारच होऊ द्यायची नाही, फाइल वाचणारा क्लास तिथेच थांबेल आणि कारण सांगेल.

२३ सप्टेंबर

गोदामात जाऊन काकांना स्क्रीन दाखवली. लाल पट्टी, 'सामान पूर्ण नाही'. काकांनी फोन हातात घेतला, वरखाली केलं आणि म्हणाले, "अगं, पूर्ण नाही ते मला पण दिसतंय. काय राहिलं ते सांगायला नको का त्यानं?"

बरोबर आहे त्यांचं. खरं-खोटं एवढंच परत देणारी मेथड टेम्पोपाशी उभ्या माणसाच्या कामाची नाही. आजपासून 'सामावते' हे उत्तर मूळ नाही, उपउत्पादन आहे. मूळ मेथड 'उणीव' देते: तीही एक सामानयादीच, राहिलेल्या वस्तू आणि किती नग कमी. उणीव रिकामी म्हणजे सामावलं. जो हिशेब आधी 'नाही' सांगून फेकून दिला जात होता तो आता हातात येतो, आणि यादीवर यादीचीच क्रिया होत असल्याने पुढची कामंही सोपी पडतात.

उलट बाजूनेही तीच मेथड चालवली: चढलेल्या सामानातून प्रयोगाचं वजा. मंडळाच्या दुसऱ्या नाटकाचा हार्मोनियम आणि एक पालखीचा दांडा या टेम्पोत निघाला. हे दोन्ही इथे जास्तीचे, पण त्या प्रयोगाला तिकडे कमी पडले असते. काकांनी ते वाचून लगेच एकाला आत पिटाळलं.

वजाबाकीसाठी रिमूव्हऑल वापरायचा मोह टाळला. लिस्टवर ती दिलेल्या वस्तूच्या सगळ्याच प्रती काढून टाकते, म्हणजे एक खुर्ची वजा करायला सांगितली तर सहाही जातात. हॅशसेटवर तिचा आणखी एक खोडकर स्वभाव आहे. दिलेलं कलेक्शन सेटपेक्षा लहान असेल तर ती दिलेल्यावर फिरते, एरवी सेटवर फिरून दिलेल्याला 'कंटेन्स' विचारते, आणि ते दिलेलं जर लिस्ट असेल तर प्रत्येक प्रश्नाला ती लिस्ट पहिल्यापासून चाळली जाते. आकार एकाने वाढला की वेग एकदम बदलतो. आपण नग वजा करतो आणि शून्याखाली जात नाही, बस.

३० सप्टेंबर

या आठवड्याचा सगळा वेळ केबलवर गेला. हीच या कामातली सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडलेली जागा.

प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या ताईंनी त्यांची यादी दिली. त्यात '१० मीटर केबल' याचा अर्थ कमीत कमी १० मीटर. १५ ची असेल तरी चालते, उरलेली गुंडाळून विंगेत ठेवतात. म्हणजे आता प्रश्न 'तीच वस्तू आहे का' असा नाही, 'हिच्या जागी ती चालेल का' असा आहे.

टीममधल्या एकाने सुचवलं की हे इक्वल्समध्येच घालू: समोरची केबल तेवढीच किंवा जास्त लांब असली की खरं. मी नाही म्हटलं आणि कारण इथे सविस्तर लिहितेय, पुन्हा हाच विचार कुणाच्या तरी मनात येणार म्हणून. समानता दोन्हीकडून सारखी असावी लागते. १५ ची १० च्या जागी चालते, १० ची १५ च्या जागी नाही. अ‍ॅरेलिस्टमध्ये कंटेन्स बोलावताना आपण दिलेल्या वस्तूची इक्वल्स वापरली जाते, लिस्टमधल्या वस्तूची नव्हे. एकतर्फी समानतेत कोण कुणाला विचारतंय यावर उत्तर ठरेल. हॅशमॅपमध्ये तर दोघींचे हॅश वेगळे, गाठच पडणार नाही. आणि सगळ्या केबलना एकच हॅश दिला तरी एकतर्फीपणा राहतोच. म्हणून इक्वल्स तिच्या जागी कडक राहील, आणि 'गरज' नावाचा वेगळा इंटरफेस, त्यात एकच मेथड: भागवते, म्हणजे ही वस्तू ही गरज भागवते का.

इथपर्यंत सरळ होतं. पण गरजा अशा सैल झाल्या की सामावण्याची तपासणी नुसती मोजणी राहत नाही, वाटप होतं. गरजा दोन: १० मीटर आणि २० मीटर. टेम्पोत केबल दोन: आधी २० ची चढली, मग १० ची. प्रोग्राम १० ची गरज घेतो, पहिली चालणारी केबल उचलतो, ती २० ची. आता २० च्या गरजेला १० ची केबल उरली. उत्तर: कमी आहे. सामान तर पुरेपूर आहे! मोठ्या गरजा आधी घेतल्या की हे सुटतं, आणि नुसती लांबीच बघायची असती तर तेवढ्यावर भागलं असतं.

पण ताईंना जाडीही लागते. डिमरकडे (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राकडे) जाणारी केबल अडीच चौरस मिलिमीटरचीच हवी, बारकी तापते. तर गरज क: जाड, किमान १० मीटर. गरज ख: कुठलीही, किमान २० मीटर. टेम्पोत दोन केबल: एक जाड २५ मीटर, एक बारकी २५ मीटर. लांबीने मोठी गरज आधी घ्यायची म्हणून ख पुढे येते आणि समोरची पहिली, म्हणजे जाड केबल उचलते. क ला बारकी उरते, ती चालत नाही. बरं, जाडीवाली गरज आधी घेऊ. दुसऱ्या दिवशी टेम्पोत जाड २५ आणि जाड १२ चढल्या. क पहिल्यांदा २५ ची उचलते, ख ला १२ ची उरते. एक क्रम एका दिवशी चुकतो, दुसरा दुसऱ्या. अशा पळवाटा जोडत बसलं तर तिसरी अट आली की पुन्हा मोडणार.

यावर ठोस उत्तर आहे, जुनं आणि सुंदर. गरजा एका बाजूला, वस्तू दुसऱ्या बाजूला, जिथे चालतं तिथे रेघ. प्रत्येक गरजेला वेगळी वस्तू मिळेल अशी जुळणी शोधायची. क ला जाड केबल हवी, ती ख कडे आहे. तर ख ला विचारायचं: तुला दुसरी कुठली चालते का? ख बारकीवर सरकते, जाड मोकळी होते, क ला मिळते. ख ला सरकता आलं नसतं तर ख ला जी चालते तिच्या मालकाला विचारायचं, आणि असं पुढे पुढे, जोवर कुणीतरी सरकत नाही किंवा विचारायला कुणी उरत नाही. पंगतीत एकाला बसवायला चौघे जरा जरा सरकतात, तेवढंच. मोठ्या आकारासाठी हॉपक्रॉफ्ट आणि कार्प यांची १९७३ ची जलद पद्धत आहे, पण आपल्या काही डझन केबलना हा साधा सरकवण्याचा मार्ग भरपूर झाला.

आणि न जुळल्यास मिळणारं उत्तर तर फारच कामाचं निघालं. फिलिप हॉल यांनी १९३५ मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक गरजेला वस्तू मिळणं शक्य नसेल तर गरजांचा एखादा गट नक्की असा सापडतो, ज्यांना सगळ्या मिळून चालणाऱ्या वस्तू त्यांच्या संख्येपेक्षा कमी आहेत. शोध जिथे अडकतो तिथे तोवर विचारून झालेल्या गरजा म्हणजे नेमका तो गट. म्हणून उणीव आता नुसतं 'एक केबल कमी' म्हणत नाही. ती सांगते: डिमर १, डिमर २ आणि मागचा बार या ३ गरजांना मिळून चालणाऱ्या केबल २ च आहेत. ताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जाड केबलच आणायची, लांब आणून उपयोग नाही." हेच तर कळायला हवं होतं.

४ ऑक्टोबर

क्यू शीट, म्हणजे प्रकाश बदलायच्या इशाऱ्यांची (क्यूंची) क्रमवार यादी. दौऱ्यात काही ठिकाणी प्रकाशाची सामग्री कमी मिळते, तेव्हा ताई क्यू कमी करून छोटी शीट करतात. छोटीतले सगळे क्यू मोठीत आहेत का, आणि त्याच क्रमाने आहेत का, हे तपासायचंय.

इथे नग आणि जुळणी दोन्ही बाजूला. कलेक्शन्समध्ये इंडेक्सऑफसबलिस्ट आहे, पण ती सलग तुकडा शोधते, मधले क्यू गाळले तर वजा एक परत देते. आपल्याला गाळलेले चालतात, क्रम उलटलेला नाही. दोन इटरेटर (यादीत एकेक घटक पुढे सरकणारे), मोठीवर पुढे सरकत राहायचं, छोटीतला पुढचा क्यू भेटला की छोटीवर एक पाऊल. छोटी संपली म्हणजे सामावली. मोठी आधी संपली तर जो क्यू सापडला नाही त्याचं नाव द्यायचं. दहा-बारा ओळी. हा 'क्रमयादी' नावाचा वेगळा क्लास आहे, सामानयादीत त्याची सोय केली नाही. ज्या यादीत क्रमाला अर्थ आहे आणि जिच्यात नाही, त्या दोन्ही एका क्लासात कोंबल्या तर पुन्हा कुणालातरी कुठली मेथड बोलवायची हे आठवावं लागेल.

९ ऑक्टोबर

वेगाबद्दल विचारणा आली. लिस्टमध्ये लिस्ट शोधताना वाईटात वाईट वेळी दोन्ही आकारांचा गुणाकार होतो. ३०० गुणिले ४०० म्हणजे १,२०,००० तुलना, आजच्या फोनलाही जाणवणार नाही. दोन्हीकडे वीस-वीस हजार असत्या तर ४० कोटी, तेव्हा जाणवलं असतं. आपण हॅशमॅपवर आहोत ते नग नीट मोजता यावेत म्हणून, वेग वरकड मिळाला.

१३ ऑक्टोबर

गोदामात पूर्ण तालीम: सामान चढवलं, चिठ्ठ्या वाचल्या, उणीव काढली.

पेट्यांचा प्रश्न आला. मेकअपची पेटी, हातातल्या वस्तूंची पेटी, अवजारांची पेटी. 'पेटी ३ चढली' याचा अर्थ आतलं सगळं चढलं असा होतो का? जुन्या कोडमध्ये एके ठिकाणी पेटीतल्या वस्तूंची लिस्ट कंटेन्सला दिलेली सापडली, कंटेन्सऑलला नव्हे. कंपायलर काहीच बोलत नाही, कारण कंटेन्स कुठलाही ऑब्जेक्ट घेते. ती मग 'ही अख्खी लिस्ट हाच तुझा एक घटक आहे का' असं विचारते, आणि उत्तर नेहमी नाही.

आता 'नग' हा इंटरफेस. वस्तूही नग आणि पेटीही नग. पेटीला विचारलं की ती आपल्यातल्या नगांना विचारते, पेटीत पेटी असली तर तिलाही. शेवटी सगळं एका सपाट सामानयादीत येतं आणि तपासणी तिथे होते. काकांनी एक अट घातली, ती तशीच्या तशी घेतली: पेटीला सील असेल तरच आतलं धरायचं. सील तुटलेली पेटी उघडून पुन्हा वाचायची. म्हणून सील तोडलं की पेटी आपली यादी देतच नाही, 'वाचायची बाकी' असं सांगते, आणि उणीवेत ती ओळ वेगळ्या रंगात येते.

तालमीत दोन गोष्टी राहिलेल्या निघाल्या: दुसऱ्या अंकातला पानाचा डबा आणि सायकच्या (रंगमंचामागच्या मोठ्या पडद्याच्या) दोऱ्यांपैकी एक. दोन्ही काकांच्या पुठ्ठ्यावरही बिनखुणेच्या होत्या. दोन्हीकडे एकच उत्तर आलं.

१६ ऑक्टोबर

परतीची तपासणी सुरू केली. प्रयोग संपल्यावर, रात्री पडदा पडून सामान निघताना, जे नेलं ते सगळं परत चढलं का. प्रश्न तोच, याद्यांची अदलाबदल: आता सामावायची आहे ती गोदामातून निघालेली यादी. पण काडेपेटी, उदबत्ती, मेकअपचा कापूस, फाडायचं पत्र हे परत येत नाही, आणि प्रोग्राम त्यांची उणीव दाखवतो. त्यासाठी 'खर्च होणारी' ही खूण वस्तूवर नको, प्रयोगयादीतल्या ओळीवर हवी. तीच मेणबत्ती एका प्रवेशात जळते आणि दुसऱ्यात नुसती टेबलावर उभी असते. काकांकडून ओळवार खुणा घ्यायच्यात, ते उद्या संध्याकाळी बसणार आहेत. ताईंच्या यादीत दिव्यांवर लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद जळतात किंवा फाटतात, तेही त्याच बैठकीत विचारायचे. त्यानंतर परतीच्या टेस्ट.